इक्वलायझरला हात लावण्याआधी

गाडीच्या स्टिरिओचा इक्वलायझर म्हणजे जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या पट्ट्या. त्याच्या सेटिंगला रविवारी सकाळी सहा-साडेसहाला बसा. आमच्या दादरच्या गल्लीत आठनंतर टेम्पो आणि हॉर्न सुरू होतात, त्या गोंगाटात बेस कमीच ऐकू येतो आणि हात आपोआप बेसच्या पट्टीकडे जातो. गाडी उघड्यावर लावा, कारण इंजिन चालू ठेवायचंय. बंद बेसमेंटमध्ये हे कधीही करू नका, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट देते, चालू असताना 14च्या आसपास. अ‍ॅम्प्लिफायरला हा फरक चांगलाच जाणवतो, कारण स्पीकरना ताकद तोच पुरवतो.

तोंडपाठ असलेली तीन-चार गाणी काढून ठेवा. त्यात तबल्याचं एक हवंच: चाटेवरचा (तबल्याच्या काठावरचा) 'ना' आणि डग्ग्याची घुमक दोन्ही वेगवेगळी कानावर आली पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली फाइल नको.

मग दारं तपासा. बेसचं गाणं लावून दाराच्या पॅनलवर तळहात दाबा. खरखर थांबली तर दोष आवाजाचा नाही, पॅनल धरणाऱ्या क्लिपचा आहे. कप्प्यातली चिल्लर, नंबरप्लेटचा सैल स्क्रू हेही बघा.

आता सगळं शून्यावर आणा: स्टिरिओचा बेस, ट्रेबल, लाउडनेस, बेस बूस्ट, फोनमधला इक्वलायझर आणि गाण्याच्या अ‍ॅपमधलाही. एकावर एक दोन इक्वलायझर चढले की कुठला काय करतोय ते कळत नाही.

गेनला सगळ्यात जास्त वेळ द्या. अ‍ॅम्पवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालण्यासाठी तो असतो. गेन अगदी कमी ठेवून 1 किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि स्टिरिओ हळूहळू वाढवा. बासरीसारखा सरळ सूर जिथे चिरका होतो, तिथे लहरीचा माथा कापला जाऊ लागलेला असतो. तिथून दोन घरं मागे या, तो आकडा लिहून ठेवा आणि त्याच आकड्यावर गेन हळूहळू वाढवा. सूर पुन्हा चिरका झाला की थोडा मागे घ्या. कान दुखायला लागले तर थांबा. ही पायरी मी एकदा गाळली होती. गेन पुरा फिरवला, वर ट्रेबल चढवला आणि महिन्याभरात डावा ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, मुका झाला. उघडला तर आतली बारीक तार जळून काळी पडली होती. तो वास अजून आठवतो.

हे झाल्यावरच इक्वलायझर. वाढवण्याआधी कमी करून बघा. एखादी पट्टी 3 डेसिबलने वर नेली की त्या पट्ट्यात अ‍ॅम्पकडे दुप्पट ताकद मागितली जाते, 6 डेसिबलला चौपट. आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमत असेल तर 100 ते 200 हर्ट्झ उतरवा, टोचत असेल तर 2 ते 4 किलोहर्ट्झ, 'स' आणि 'श' सळसळत असतील तर 6 ते 8. सबवूफर (खोल बेसचा वेगळा स्पीकर) असेल तर दारातल्या स्पीकरना 80 हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर, लावा, त्यांचा जीव हलका होतो. एका वेळी एकच पट्टी, दोन डेसिबलच, आणि मध्ये दहा मिनिटं कानांना विश्रांती.

शेवटची चाचणी काचा बंद करून, एसी रोजच्या वेगावर ठेवून, ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच घ्या. सगळे आकडे वहीत उतरवा, कारण बॅटरीची तार काढली की बऱ्याच स्टिरिओंची सेटिंग पुसली जाते.