घराबाहेरचा कोबा सारखा करताना या चुका टाळा

कोबा सारखा करण्याला आपण 'लेव्हल करणं' म्हणतो, आणि पहिली चूक त्या शब्दातच आहे. घराबाहेरचा कोबा लेव्हलमध्ये करायचाच नसतो. त्याला घरापासून बाहेरच्या बाजूला ढाळ हवा, मीटरमागे 1 ते 2 सेंटीमीटर. खोलीत वापरतात ते सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड इथे ओतलं, तर ते पाण्यासारखं पसरून स्वतःची पातळी धरतं आणि ढाळ बुजतो. शिवाय त्यातली बरीच मिश्रणं उन्हापावसात टिकत नाहीत. पिशवीवर बाहेरच्या वापराचा उल्लेख नसेल, तर ती उघडूच नका.

खड्डे नजरेने ठरवू नका. बादलीभर पाणी ओता आणि अर्ध्या तासाने उरलेल्या डबक्याभोवती खडूने रेघ मारा. मग लांब सरळ पट्टी आडवी टाकून खालची फट मोजा. हातोडीने हलकेच ठोकतही जा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर वरचा थर सुटलाय किंवा खाली पोकळी झालीय. एखादा कोपरा खचतच चालला असेल, तर वरून सिमेंट-वाळूचा माल भरणं वाया जाईल. छताचं पाणी तिथे पडून माती तर वाहत नाही ना, ते आधी बघा.

सगळ्यात जास्त कामं फसतात ती जुन्या-नव्याच्या जोडावर. धुळकट, शेवाळलेल्या काँक्रीटवर टाकलेला माल पापडासारखा निघतो. म्हणून टाचे मारा (छिन्नीने जुना पृष्ठभाग खडबडीत करा), घासा, धुवा. कोबा रात्रभर भिजवा, पण माल टाकताना वर पाणी तरंगायला नको, नुसती ओल हवी. सिमेंटची स्लरी, म्हणजे सिमेंट-पाण्याचा पातळ लगदा, ब्रशने घासून लावा आणि ती ओली असतानाच माल टाका. तासभर आधी लावून वाळलेली स्लरी न लावल्यापेक्षा वाईट.

थर कडेला शून्यावर आणू नका, ती कड सर्वांत आधी तुटते. खड्ड्याची कड ग्राइंडरने उभी कापून घ्या. पातळ भरणीला पॉलिमर मिसळलेला माल वापरा. उंचवटा मात्र घासूनच काढा. ती धूळ फुप्फुसाला घातक, मास्क लावाच.

वर पाणी सुटलं म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरायची सवय अनेकांना असते. त्यानेच पुढे पोपडे निघतात. पाणी जिरेपर्यंत थांबा, मग गवंड्याचा रंधा फिरवा. कोब्यात मुद्दाम ठेवलेल्या फटी, म्हणजे जुने सांधे, बुजवू नका. वर गोणपाट टाकून ते निदान 7 दिवस ओलं ठेवा.

आणि माल कालवण्याआधी दाराखालची फट मोजा. मी मोजली नव्हती. 3 सेंटीमीटरचा थर चढला आणि बाहेर उघडणारं दार अडलं. शेवटी ते खालून तासावं लागलं.