युद्धावर शॉर्टफिल्म करताय? मग स्फोटाआधी हे बघा

साताऱ्यातली शॉर्टफिल्म करणारी पोरं युद्ध म्हटलं की पहिलं स्फोट आणि बंदुकांच्या मागं लागतात, त्याआधी एकदा अपशिंगे मिलिटरीला जाऊन या. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान शहीद झाले, आजही तिथं घरटी कोणीतरी फौजेत असतंय. रिटायर्ड फौजींना 'किती मारले' असलं अजिबात विचारायचं नाही. पाणी कुठनं यायचं, पायांचं काय व्हायचं, झोप कधी मिळायची हे विचारा आणि गप ऐका, रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारून.

शूटिंगला दहिवडीकडचं माळरान चालतंय, पण वर्दी आणि नकली बंदुका असणार म्हणून पोलीस स्टेशनची लेखी परवानगी आधी काढा.

गोळी लागली की माणूस उडून मागं पडतो हे सगळं सिनेमातलं, खरं तर तो जागेवरच कोसळतो, कधी कधी तर लागलंय हे त्याला लगेच कळतपण नाही. रक्त गेलं की पांढराफटक पडतो, गार घाम सुटतो, थंडी वाजते, सारखा पाणी मागतो. ॲक्टरला ओरडायला लावू नका, नुसते दात वाजू देत. रक्ताला लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको, आणि पुढच्या सीनमध्ये तेच रक्त वाळून तपकिरी झालेलं दिसलं पाहिजे, हे सगळेच विसरतात.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर लांब स्फोट झाला तर धूर आधी दिसणार आणि आवाज तीन सेकंदांनी, एडिटिंगला एवढं पाळा.

आता घर, माझ्या मते खरी फिल्म इथंच आहे. १९७१ च्या पाकिस्तान युद्धात गेलेल्यांच्या बहुतेक घरी पार्थिव आलंच नाही, तार आली आणि मागनं सामान. काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, आत घडी घातलेला स्वेटर, दाढीचं सामान, आईचीच आलेली पत्रं. अंत्यदर्शन नाही त्यामुळं ती माऊली वर्षानुवर्षं एसटीच्या आवाजाला दारात येणार. ट्रंक उघडायचा सीन एका टेकमध्ये घ्या, म्युझिक नको, कडीचा आवाज नीट रेकॉर्ड करा आणि रडणं बायकांच्या घोळक्यावर ढकलू नका, बापाचे हातपण दाखवा.

अपलोड करायच्या आधी ज्यांच्याशी बोललात त्यांना घरी जाऊन फिल्म दाखवा, एखादा सीन काढा म्हणाले तर काढायचा.