निवृत्तीचे पुरुमेंत कसे भरावे

मे महिना लागला की गोव्यातल्या घराघरांत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, भरायची घाई सुरू होते. मिरच्या, चिंच, सोलां (आमसुले), जाडे मीठ, उकडे तांदूळ, सुके मासे. हे भरताना कोणी महागाईच्या आकड्यांनी घाबरून बसत नाही. घरात माणसे किती आणि पाऊस किती महिने, एवढ्यावर सगळा हिशेब जमतो.

सुक्या बांगड्यांचेच बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ताजे नुस्ते (मासे) पुन्हा आवाक्यात यायला ऑगस्ट सरतो. म्हणजे तेरा आठवडे. आठवड्यातून दोनदा, दोन माणसांना एका वेळी दोन बांगडे, असे बावन्न झाले. काही खराब निघतात, पाहुणाही येतो, म्हणून साठ घ्यायचे. निवृत्तीचा हिशेबही असाच वेळा मोजून करायचा असतो. आधी एक कोटी की दोन कोटी असे ठरवून मागे फिरलो, तर आपल्या घराशी त्या आकड्याचा काहीच संबंध राहत नाही.

वही बारा महिन्यांची

एक वही घ्या आणि पूर्ण वर्षभर खर्च लिहा. रोज रात्री पाच मिनिटे पुरतात. यूपीआयने दिलेले पैसे महिन्याच्या शेवटी बँकेच्या पासबुकाशी ताडून घ्या, कारण दहा-वीस रुपयांचे खर्च तिथेच निसटतात.

सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे दोन महिने लिहून त्याला सहाने गुणणे. फेब्रुवारी-मार्च हे गोव्यातल्या घराचे शांत महिने. चवथ (गणेश चतुर्थी), पावसाआधीची कौलांची डागडुजी, गाडीचा विमा, घरपट्टी, लग्नांचे आहेर यांतले काहीच त्या दोन महिन्यांत दिसत नाही. उदाहरणादाखल, चवथीचे ३०,०००, घरदुरुस्ती १८,०००, विमे २४,००० आणि आहेर-बारशी १२,००० धरले तर वर्षाचे ८४,००० होतात. बाराने भागले की महिन्याला ७,०००. ही रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात किंवा रिकरिंग (आवर्ती) ठेवीत टाकत गेलात, तर चवथीच्या तोंडावर मुदतठेव मोडावी लागत नाही. वडिलोपार्जित घरातला गणपती भावाभावांत असेल, तर वर्गणीचा आकडा आषाढातच ठरवून घ्या. ऐन वेळी ठरवला की तो नेहमी वाढतो आणि मने दुखावतात ती वेगळीच.

वर्ष भरल्यावर निवृत्तीनंतर थांबणारे खर्च वजा करा: कर्जाचा हप्ता, मुलांची फी, कामावर जाण्या-येण्याचे पेट्रोल. औषधपाण्याचा खर्च मात्र वाढवून धरा.

खड्डा किती, ते काढा

समजा आज वय ४८ आहे आणि अशी वजाबाकी करून महिन्याचा खर्च २५,००० उरला. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे साठीला ५०,०००. पेन्शन आणि घरभाडे मिळून त्या वेळी २०,००० येणार असतील, तर खड्डा ३०,००० चा, वर्षाचा ३ लाख ६० हजारांचा. आयुष्य नव्वदीपर्यंत धरा, उरली तीस वर्षे. ठेवींचे व्याज महागाईइतकेच मिळते आणि भाडे-पेन्शनही त्याच वेगाने वाढते असे मानले, तर खड्ड्याच्या तीस पट निधी लागतो: १ कोटी ८ लाख. पेन्शन ठरावीक रकमेची, न वाढणारी असेल तर यापेक्षा जास्त लागेल. ती बाब लपवून हिशेब करू नका.

आता हाच हिशेब उलटा करा. आज महिन्याचा एक हजाराचा खर्च कायमचा कमी झाला, तर साठीला तो दोन हजारांनी कमी असतो, वर्षाला २४,००० नी, आणि तीस पटीने निधीतले ७ लाख २० हजार कमी लागतात. म्हणून स्वस्तातला आनंद ही निवृत्तीच्या नियोजनातली फार वजनदार बाब आहे. पण काटकसर मन मारून केली तर ती दोन-तीन वर्षांत फसते आणि मग साठलेली हौस एकदम बाहेर पडते. ज्यात खरोखर जीव रमतो असे चार-पाच स्वस्त छंद पन्नाशीतच अंगवळणी पाडा. साठीनंतर ते नव्याने लावून घेणे जड जाते.

गोव्यात फुकट किंवा जवळजवळ फुकट

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीला फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. सकाळी सातच्या सुमारास जा, बेटावर तास-दीड तास चाला आणि उन्हे तापायच्या आत परत या. दुचाकी घरीच ठेवा, नाहीतर चालणे होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी करमळीच्या तळ्यावर पाणपक्षी उतरतात. तळे रेल्वे स्टेशनाला लागूनच आहे आणि साधी दुर्बीण एकदा घेतली की पुढे वर्षानुवर्षे खर्च नाही.

जत्रांचा मोसम तर आपल्यासाठी मोठेच देणे आहे. देवळापुढच्या मांडवात गावच्या मंडळींचे नाटक उभे राहते, पेडण्याकडे दशावतार रंगतो, आषाढात माशेलला चिखलकालो होतो. बसायला घरून चटई न्या, रात्री उशिरा परतायची सोय आधी ठरवा आणि खाज्याचा एक पुडा घ्या. संध्याकाळभराचा खर्च तेवढाच. त्याहून चांगले म्हणजे गावच्या भजनी मंडळात बसणे. टाळ धरता आला तरी जागा मिळते, आणि निवृत्तीनंतर जो एकटेपणा गाठतो त्यावर आठवड्यातून एक ठरलेला वार फार उपयोगी पडतो.

वाचणाऱ्यांसाठी पणजीत पाट्टोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनचे. महिन्याला दोन पुस्तके विकत घेणाऱ्याने सभासद होऊन बघावे.

परसात जागा असेल तर तांबडी भाजी (लाल माठ) लावा. पावसाळा ओसरल्यावर चार फूट बाय तीन फुटांचा वाफा करा. बी बारीक असते, तसेच टाकले तर एका जागी दाट पडते आणि रोपे लांबट, अशक्त होतात. म्हणून चिमूटभर बी ओंजळभर कोरड्या रेतीत मिसळून फेका. मुंग्या बी पळवतात, त्यासाठी वाफ्याच्या कडेने राख टाका. महिन्याभरात भाजी ताटात येते. पंधरा दिवसांनी शेजारी दुसरा वाफा पेरत गेलात, तर उन्हाळ्यापर्यंत भाजी खंडत नाही. ज्यांना जागा नाही त्यांनी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून सवलतीची भाजी घ्यावी. दुपारनंतर चांगला माल उरत नाही.

आणि एक बरणी चेपणीच्या तोरांची, म्हणजे मिठात दाबून मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्यांची. पावसात गरम पेजेबरोबर मिठात मुरलेले तोर चुरायला मिळाले की बाहेर जेवायला जायचे मनातही येत नाही. लहान, घट्ट, कोय न धरलेल्या कैऱ्या घ्या, देठ बोटभर ठेवा. खाली पडलेल्या, मार लागलेल्या नकोत. धुऊन पंचावर पसरा आणि पाण्याचा थेंबही राहणार नाही अशा कोरड्या करा. चार भाग कैऱ्यांना एक भाग जाडे मीठ. चिनी मातीच्या बरणीत मिठाचा थर, कैऱ्यांचा थर असे भरत जा, सगळ्यांत वर मीठ, त्यावर ताटली आणि ताटलीवर धुऊन वाळवलेला जड दगड. तीन-चार दिवसांत खार सुटतो. कोरड्या लाकडी पळीने एकदा वर-खाली करा. पंधरवड्याने तोर सुरकुततात, मग बरणीचे तोंड बांधून ठेवा. वर पांढरी बुरशी दिसली तर कारण दोनांपैकी एक असते: कैरी ओली भरली किंवा ती खाराच्या वर राहिली. दगड कमी पडला असेल तर वाढवा.

सुके बांगडे घेताना ते कडक आहेत ना आणि अंगावर गुलाबी झाक नाही ना, ते पाहा. गुलाबी झाक म्हणजे माल बिघडू लागला. घरी आणून दोन दिवस कडक ऊन द्या आणि पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरले की आत घाम सुटतो.

पैसे कुठे ठेवावेत

साठीला वेळ असेल तर पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी). वर्षाला दीड लाखाची मर्यादा. दर वर्षी ५ एप्रिलच्या आत पूर्ण दीड लाख भरले, तर ७.१ टक्के दर कायम राहिल्यास १५ वर्षांत सुमारे ४० लाख ६८ हजार होतात. ५ तारखेचे महत्त्व असे की व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मोजतात. सहा तारखेला भरलेल्या पैशाचे त्या महिन्याचे व्याज बुडते.

साठीनंतर पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. मर्यादा एका माणसाला ३० लाख, मुदत ५ वर्षे, व्याज दर तिमाहीला हातात. ८.२ टक्क्यांनी १० लाखांवर तिमाहीला २०,५०० येतात. पैसे ठेवतो त्या दिवशीचा दर पाच वर्षे टिकतो. तिमाहीचे व्याज न उचलता तिथेच ठेवले तर त्यावर जादा व्याज मिळत नाही, म्हणून ते आपोआप बचत खात्यात जमा होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून घ्या. वर्षाच्या आत खाते मोडले तर दिलेले व्याज परत कापतात. तेव्हा सगळी रक्कम एकाच खात्यात नको. दहा-दहा लाखांची वेगळी खाती असली तर अडचणीला एकच मोडता येते. सहा महिन्यांचा घरखर्च मात्र साध्या बचत खात्यात हाताशी ठेवा.

बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागे एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे, मुद्दल आणि व्याज धरून. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवू नका, संचालक कितीही ओळखीचे असोत.

आरोग्यासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड वेळच्या वेळी नूतनीकरण करून ठेवा, आणि सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान भारतचे ५ लाखांचे कार्डही काढावे. खासगी विमा घ्यायचा तर पन्नाशीतच घ्या, कारण आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

गोव्याचा कायदा विसरू नका

इथे समान नागरी कायद्याखाली, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी असते. त्याला धरून आयकरातही तरतूद आहे, १९६१ च्या कायद्यात ती कलम ५-अ म्हणून होती. या कायद्याखाली येणाऱ्या जोडप्यांनी पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे व्याज, भाडे वगैरे, दोघांत समान वाटून दाखवायचे असते. पुष्कळ घरांत सगळे व्याज एकाच्याच नावावर दाखवले जाते आणि विनाकारण जास्त कर भरला जातो. आयुष्यभर पगारावरच राहिलेल्याला हे ठाऊक नसते, कारण पगार त्यातून वगळलेला आहे. निवृत्तीच्या वर्षी करसल्लागाराला हे आधी विचारा. कर लागतच नसेल तर तसे स्वघोषणापत्र, आजवर ज्याला १५-एच म्हणत आले ते, दर एप्रिलला द्यायला विसरू नका.

मृत्युपत्राने अर्ध्यापेक्षा जास्त मालमत्ता वाटेल त्याला देता येत नाही, मुलांचा राखीव वाटा असतो. खात्यावर नाव लावलेला नॉमिनी हा फक्त पैसे स्वीकारणारा, तो आपोआप मालक होत नाही. तसेच घराच्या कागदांत नाव अजून आजोबांचेच तर नाही ना, ते हातपाय चालत असताना तपासा. उतारा आणि जुना दस्त काढून घ्या.

वहीच्या शेवटच्या पानावर सगळी खाती, पॉलिसी, नॉमिनी आणि मुदत संपण्याच्या तारखा लिहा. हे पान मे महिन्यात, बरण्या भरून झाल्या की, दोघांनी मिळून वाचायचे आणि बदल करायचे. जो जोडीदार पैशांचे व्यवहार पाहत नाही, त्याने वर्षातून एकदा तरी स्वतः पोस्टात किंवा बँकेत जाऊन बचत खात्यात जमा झालेले तिमाहीचे व्याज उचलावे, पासबुक भरून आणावे.