मुलाच्या नावावर आलेला पीएफ : या चुका टाळा

वडील गेले, पीएफची रक्कम अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलाच्या खात्यात आली, की घरातला एखादा जाणता सांगतो, ‘पीएफ करमुक्त, रिटर्नची भानगडच नाही.’ हे अर्धंच खरं. मृत्यूनंतर हाती येणाऱ्या पीएफ, पीपीएफ किंवा एनपीएसच्या (राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या) एकरकमी पैशावर वारसाला कर नाही. पण ते मुदत ठेवीत टाकले की व्याजावर कर लागतो, आणि ते व्याज हयात आईच्या उत्पन्नात मिळवावं लागतं.

समजा, आई वेर्ण्याच्या औषध कंपनीत आहे, पगार १४ लाख. मुलाच्या नावे २० लाखांची ठेव, व्याज ७ टक्के, म्हणजे वर्षाला १ लाख ४० हजार. नव्या करपद्धतीत त्यावर १५ टक्के आणि उपकर धरून २१,८४० रुपये कर होतो. बँकेने मुलाच्या पॅनवर १४ हजार टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच घेतलेला कर, कापलेला असतो. आईच्या फॉर्म २६एएसमध्ये (पॅनवर कापलेल्या कराच्या तक्त्यात) यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ती व्याज दाखवायला विसरते. ठेव ठेवतानाच बँकेला लेखी घोषणापत्र द्या : हे व्याज आईच्या उत्पन्नात धरलं जातं, टीडीएस तिच्या पॅनवर दाखवा. रिटर्न भरून झालं असेल तर मुदतीत सुधारित रिटर्न भरा. प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची सूट फक्त जुन्या पद्धतीत मिळते. रक्कम इतकी किरकोळ आहे की तिच्यासाठी पद्धत बदलू नये.

मुलाला ईपीएफची मासिक पेन्शन मिळत असेल तर तीही कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून करपात्र. एक-तृतीयांश किंवा २५ हजार (जुन्या पद्धतीत १५ हजार), यातलं जे कमी ते वजा होतं.

आई-वडील दोघंही नसतील तर चित्र वेगळं. आजी किंवा काका पालक असले तरी त्यांच्या उत्पन्नात काही मिळवायचं नाही. मुलाच्या पॅनवर, मुलाचंच रिटर्न पालक भरतो.

आपल्या गोव्यात आणखी एक गोंधळ. लग्नावेळी वेगळा करार केला नसेल तर समाईक मालमत्तेत निम्मा वाटा जोडीदाराचा, आणि पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं दाखवतात. नवरा गेल्यावर ही वाटणी थांबते. तरी काहीजणी जुन्या सवयीने व्याज निम्मंच दाखवतात. नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे सगळा पैसा आपला, हेही धरून चालू नका. बँक नॉमिनीला पैसे देते, हक्क वारसांचाच असतो. डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण हे ठरवणारा दस्त) करण्याआधी मुलाच्या वाट्याबद्दल वकिलाला विचारून घ्या.

वडिलांच्या पीपीएफमध्ये पुढेही पैसे भरत राहणं व्यर्थ. वारसाला ते खातं चालवता येत नाही, बंदच करावं लागतं.

मूल १८ वर्षांचं झालं की त्या दिवसापासूनचं व्याज त्याचं स्वतःचं. ठेवीचं केवायसी बदला आणि आधी दिलेलं घोषणापत्र मागे घ्या, नाहीतर टीडीएस आईच्याच पॅनवर पडत राहील.