काम नेमकं कोणाचं? अमेरिकी रेल्वेतल्या कारकुनी कामाच्या दाव्यांत या चुका टाळा

मध्य रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला ‘युनियन’ म्हटलं की मजदूर संघ नाहीतर मजदूर युनियन आठवते. तिच्यात गँगमन असतो, फिटर असतो, बुकिंग खिडकीवरचा बाबूही असतो. हीच कल्पना डोक्यात धरून अमेरिकी रेल्वेचे निवाडे वाचायला घेतले तर काहीच उलगडत नाही. तिथे संघटना क्राफ्टप्रमाणे, म्हणजे कामाच्या प्रकाराप्रमाणे असतात: कारकुनांची वेगळी, सिग्नलवाल्यांची वेगळी, आणि 1969 पर्यंत तारयंत्रींची, म्हणजे तारेने निरोप पाठवणाऱ्यांचीही वेगळी. प्रत्येकीचा कंपनीशी स्वतंत्र करार. म्हणून एक वेबिल (मालाबरोबर जाणारा तपशिलाचा कागद) कोणी भरायचं, यावरून दोन संघटना वर्षानुवर्षं भांडू शकतात. ते भांडण पोटासाठीच असतं, कारण कामाचे तास गेले की थोड्याच दिवसांत जागा जाते. करार मोडून आपलं काम दुसऱ्याला दिलं म्हणून वेतन मागणारे असे दावे बाजू खरी असूनही मांडणीपायी फेटाळलेले दिसतात, तेव्हा फार हळहळ वाटते.

सगळ्यात मोठी चूक एकच: ‘कारकुनी काम आहे, म्हणजे ते कारकुनाचंच.’ असं नसतं. कराराच्या सुरुवातीला स्कोप रूल, म्हणजे करार कोणाला आणि कशाला लागू ते सांगणारं कलम असतं आणि सगळा निकाल त्याच्या शब्दांवर फिरतो. काही करारांत फक्त पदांची नावं असतात: कारकून, टाइमकीपर, स्टोअरकीपर वगैरे. त्या पदांनी कोणतं काम करायचं, हे लिहिलेलंच नसतं. अशा वेळी ते काम परंपरेने, संपूर्ण रेल्वेभर, केवळ आपलीच माणसं करत आली आहेत हे संघटनेला सिद्ध करावं लागतं. दुसऱ्या प्रकारच्या करारात ‘पदं आणि काम’ असे शब्द असतात, आणि कंपनी व संघटनेने आपसांत ठरवल्याशिवाय ते काम कराराबाहेर नेता येत नाही. हा दुसरा प्रकार हातात असेल तर भांडण खूप सोपं होतं. दावा लिहिण्याआधी तुमच्याकडचा स्कोप रूल कोणत्या जातीचा आहे, ते शब्दन् शब्द वाचून ठरवा.

जुन्या लहान स्टेशनावरचं टेबल डोळ्यांसमोर आणा. तारयंत्री तारेच्या यंत्रापाशी बसलेला आहे. एक गाडी गेली, पुढची दोन तासांनी. तेवढ्या वेळात तो वेबिलं लिहितो, मालडब्यांची नोंद करतो. धंदा वाढला, त्याला आवरेना, की शेजारी कारकून नेमायचा. धंदा उतरला की कारकुनाची जागा बंद, आणि वेबिलं परत तारयंत्रीच्या टेबलावर. निवाड्यांत याला भरती-ओहोटीचं तत्त्व म्हणतात. रिकाम्या वेळात तारयंत्रीने कारकुनी काम करणं या तत्त्वात बसतं. फोरमनने स्वतःच्या टोळीची हजेरी लिहिणंही त्याच्या कामाला जोडूनच येतं. मग दावा कुठे टिकतो? ज्या कामावर कारकुनाची अख्खी पाळी उभी होती, ते काम उचलून बाहेरच्याला दिलं तिथे. हा फरक दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुराव्यात ढिलाई करू नका. ‘हे काम आम्ही नेहमीच करत आलो’ हे वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणत्या पदावरच्या माणसाने नेमकं काय केलं, किती मिनिटं लागली, कोणता नियम मोडला आणि कोणाला किती वेतन मागता, हे सगळं पहिल्याच पत्रात हवं. एकाच यार्डातल्या चार सह्यांनी संपूर्ण रेल्वेची प्रथा सिद्ध होत नाही. दुसऱ्या विभागांतल्या जुन्या माणसांची लेखी निवेदनं गोळा करा.

ही कागदपत्रं कंपनीच्या पातळीवरच पुढे यायला हवीत. करारांच्या अर्थावरचे वाद सोडवण्यासाठी 1934 साली स्थापन झालेलं नॅशनल रेलरोड अ‍ॅडजस्टमेंट बोर्ड फक्त कंपनीच्या पातळीवर चर्चिलेलंच बघतं. कारकून आणि तारयंत्री दोघांचेही वाद त्याच्या तिसऱ्या विभागाकडे जातात. तिथे पोचल्यावर खिशातून नवा कागद काढला, तर तो कितीही बोलका असो, बाजूला ठेवला जातो.

मुदतीचं तर विचारूच नका. 21 ऑगस्ट 1954 च्या राष्ट्रीय कराराप्रमाणे घटनेपासून 60 दिवसांत लेखी दावा द्यायचा. कंपनीनेही 60 दिवसांत कारणांसह नकार कळवायचा. नाही कळवला तर दावा मागितला तसा मंजूर. नकारानंतर अपिलाला पुन्हा 60 दिवस. उल्लंघन रोज चालूच असेल तर दावा केव्हाही करता येतो, पण मागचे पैसे 60 दिवसांपुरतेच. दोन्ही बाजूंच्या पत्रांच्या तारखा एका कागदावर मांडून ठेवा.

आता दुसऱ्या संघटनेबद्दल. काम कारकुनांना दिलं म्हणून तारयंत्रींनी दावा केला, तर कारकुनांची संघटना त्या वादाबाहेर राहत नाही. युनियन पॅसिफिक रेल्वेवर हेच घडलं. नव्या यंत्रांवरचं काम कंपनीने कारकुनांना दिलं, तारयंत्रींनी ते आपलं म्हणून मागितलं. बोर्डाने कारकुनांच्या संघटनेला नोटीस धाडली, पण या वादात आपला काही संबंध नाही असं म्हणून ती आलीच नाही. बोर्डाने फक्त तारयंत्रींचा करार पाहून त्यांच्या बाजूने निकाल दिला. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन्ही करार समोर ठेवून संपूर्ण वाद एकदमच मिटवायला हवा. माझ्या मते हे न्याय्यच होतं. एकाच कामासाठी दोन वेगवेगळे निकाल निघाले, तर कंपनी दोनदा पैसे देणार आणि कामगारांपैकी कोणालाच ते काम पक्कं आपलं म्हणता येणार नाही. तेव्हा नोटीस आली की हजर राहा, आपला करार मांडा.

1969 मध्ये या दोन्ही संघटना एक झाल्या. म्हणून जुने वाद मिटले असं मात्र धरू नका. करार वेगळे राहिले, तिथे स्कोप रूलही वेगळेच राहिले.

दार चुकवू नका. कोणत्या संघटनेने क्राफ्टचं प्रतिनिधित्व करायचं, हा प्रश्न नॅशनल मीडिएशन बोर्डाचा. असलेल्या करारात काम कोणाचं, हा अ‍ॅडजस्टमेंट बोर्डाचा. थेट कोर्टात धाव घेऊन उपयोग नाही. 1950 च्या स्लोकम खटल्यात तारयंत्री आणि कारकुनांचाच वाद होता, आणि हा अधिकार बोर्डाचाच असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं.

शेवटचं, कॉम्प्युटरचं. इथे ‘काम गेलं’ आणि ‘काम हललं’ यांत गल्लत होते. डब्यांचे क्रमांक कारकून कागदावरून पंचकार्डावर (भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डावर) उतरवत होता. आता कागदच उरला नाही, माहिती आपोआप पुढे जाते, तर तो मधला टप्पा संपला आणि त्यावर दावा टिकणं कठीण. पण तेच क्रमांक आता यार्डमास्तर कीबोर्डवर टाइप करत असेल, तर काम संपलेलं नाही, फक्त खुर्ची बदलली आहे. यार्डात जा, पडद्यासमोर कोण बसतं ते बघा, तो नेमकी कोणती नोंद कोणत्या तारखेला भरतो ते लिहून घ्या, आणि त्याच तारखेपासून 60 दिवस मोजा.