शनी कुठल्या घरात आलाय ते बघा आणि तिथलं एकच काम धरा
शनीने रास बदलली की सगळे आधी साडेसाती आहे का तेवढंच बघतात, पण लग्नापासून, म्हणजे कुंडलीतल्या पहिल्या घरापासून, तो कितव्या घरात आलाय हे बघणं जास्त कामाचं आहे. एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो, म्हणजे घाई नाहीच, त्या घरातलं एक रखडलेलं काम निवडा आणि तेच लावून धरा. दुसऱ्यात असेल तर पैसा. सगळी कर्जं, हप्ते, कोणाचं किती देणं आहे ते एका वहीत लिहा आणि दर महिन्याला एकाच तारखेला वही उघडा, आकडे बघायला नको वाटतं पण शनीला हेच हवं असतं. तिथून त्याची दृष्टी चौथ्या, आठव्या आणि अकराव्यावर जाते, म्हणून घराची कागदपत्रं, विमा पण त्यातच घ्या. सहाव्यात तब्येत आणि झोप, दहाव्यात नोकरी. दरवर्षी साधारण साडेचार महिने तो वक्री असतो, म्हणजे आकाशात उलटा चालल्यासारखा दिसतो, तेव्हा नवीन काही काढू नका, अर्धवट राहिलेलं पूर्ण करा, मला तर हेच महिने सगळ्यात उपयोगी वाटतात. वक्री आणि मार्गी (परत सरळ) होण्याच्या तारखा पंचांगात बघून मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.