इलेक्ट्रॉनिक्सचा प्रोजेक्ट स्वतःच्या हातांनी कसा उभारावा

आयटीआयमधील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड असो किंवा पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका, शेवटच्या टप्प्यावर विद्यार्थ्याला प्रोजेक्ट करावाच लागतो. बाजारातून तयार किट आणून त्यावर स्वतःच्या नावाची पट्टी लावली तरी कदाचित गुण मिळतील, परंतु कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीला गेल्यावर "इथे एक किलोओहमचाच रेझिस्टर का लावला?" असे विचारले गेले, की उत्तर फक्त ज्याने ते गणित केले आहे त्यालाच देता येते. म्हणून प्रोजेक्ट साधा निवडावा, पण त्यातील प्रत्येक भाग स्वतः ठरवावा.

विषय शोधण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. फाउंड्रीतील भट्टीचे तापमान, इचलकरंजीतील यंत्रमागावर तुटणारा धागा, उसाला पाणी देणारी विहिरीवरील मोटर, यांपैकी कोणताही प्रश्न पुरेसा आहे. येथे मोटरचे उदाहरण घेऊ. विहिरीतील पाणी खाली गेले की मोटर बंद व्हावी आणि गेलेली वीज परत आली की थोडा वेळ थांबून ती सुरू व्हावी, एवढेच काम आपल्या नियंत्रकाने करायचे आहे.

सर्किटला हात लावण्यापूर्वी शेतकऱ्याशी बोलावे आणि त्याची गरज वहीत पूर्ण वाक्यांत लिहून काढावी. हे काम बहुतेक जण टाळतात, आणि पुढे सगळे अडते ते इथेच. उदाहरणार्थ, वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच शेतकऱ्यांना सोयीचे वाटतात. परंतु एका रोहित्रावरील सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या की भार एकदम वाढतो, आणि म्हणूनच महावितरण ते काढून टाकण्याचे आवाहन करीत असते. आपल्या नियंत्रकात विजेच्या आगमनानंतरचा थांबा प्रत्येक मोटरसाठी वेगळा ठेवता आला पाहिजे, ही अट अशा चौकशीतूनच पुढे येते.

त्यानंतर कागदावर चौकटी काढाव्यात: वीजपुरवठा, पाण्याचा संवेदक, मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रामनुसार निर्णय घेणारी चिप), रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच). एक चौकट ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग जोडण्याच्या फळीवर) जोडावी, मल्टिमीटरने मोजावी, आकडे वहीत नोंदवावेत आणि मगच पुढच्या चौकटीकडे वळावे. सुरुवात वीजपुरवठ्यापासून करावी. ७८०५ या ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरला १२ व्होल्ट देऊन त्यातून अर्धा ॲम्पिअर घेतला, तर उरलेल्या ७ व्होल्टमुळे ३.५ वॉट उष्णता निर्माण होते. हीटसिंकशिवाय ती त्याला झेपत नाही. हे गणित आधी करावे, बोट भाजल्यावर नव्हे.

रिलेचा भाग सर्वांत अधिक वेळ देऊन समजून घ्यावा. पाच व्होल्टच्या लहान रिलेच्या कॉइलला सुमारे ७० मिलिॲम्पिअर प्रवाह लागतो, आणि आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या एका पिनमधून २० मिलिॲम्पिअरपेक्षा अधिक प्रवाह घेऊ नये. म्हणून मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावतात. त्याच्या बेसला एक किलोओहमचा रेझिस्टर जोडला की पिनमधून सुमारे ४ मिलिॲम्पिअर प्रवाह जातो आणि ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होतो. कॉइलशी उलट्या दिशेने समांतर जोडलेला १एन४००७ डायोड कधीही वगळू नये, कारण कॉइल बंद होताना निर्माण होणारा उलटा व्होल्टेज ट्रान्झिस्टर मारून टाकतो.

रिलेच्या कॉन्टॅक्टची मर्यादाही वाचावी. त्यावर बहुधा २५० व्होल्ट एसी लिहिलेले असते, तर शेतातील अनेक स्टार्टरची कॉइल दोन फेजांमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालते. अशा ठिकाणी लहान रिले थेट जोडू नये. मध्ये योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार जोडणारा-तोडणारा रिलेसारखाच स्विच, घ्यावा. थ्री-फेजचे कोणतेही काम निदेशकांच्या उपस्थितीत, पुरवठा बंद करून आणि तो बंद असल्याची मोजून खात्री केल्यावरच करावे. कार्यशाळेतील सर्व चाचण्यांसाठी मोटरच्या जागी १२ व्होल्टचा दिवा पुरतो.

पाण्यात सोडलेल्या दोन तारांना सतत डीसी व्होल्टेज दिला तर विद्युत अपघटनामुळे तारा झिजतात. त्यामुळे वाचन घेण्याच्या क्षणापुरताच व्होल्टेज द्यावा आणि दर वेळी त्याची दिशा बदलावी. किंवा सरळ फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून पातळीनुसार चालू-बंद होणारा स्विच, वापरावा. माझ्या मते पहिल्या प्रोजेक्टला फ्लोट स्विचच योग्य आहे. पाणी हलत असल्याने स्विच चालू-बंद होत राहतो, म्हणून तीच स्थिती काही सेकंद टिकली तरच प्रोग्रामने निर्णय घ्यावा.

ब्रेडबोर्डवर नीट चाललेले सर्किट कॉन्टॅक्टरजवळ नेताच अडखळू शकते. कॉन्टॅक्टर बंद होताना उठणारा विद्युत गोंगाट लांब तारांतून आत शिरतो आणि मायक्रोकंट्रोलर अचानक रीसेट होतो. प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या पिनांजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावणे, संवेदकाची तार मोटरच्या केबलपासून दूर नेणे, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (हा गोंगाट शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) बसवणे आणि प्रोग्राममध्ये वॉचडॉग टायमर (प्रोग्राम अडकला तर तो पुन्हा सुरू करणारा) चालू ठेवणे, हे चारही उपाय करावेत.

पीसीबीचा, म्हणजे ज्यावर भाग कायमचे सोल्डर करायचे त्या छापील बोर्डचा, आराखडा काढण्यासाठी किकॅड हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. उच्च व्होल्टेजचे आणि पाच व्होल्टचे मार्ग बोर्डवर एकमेकांपासून स्पष्ट अंतरावर ठेवावेत. सोल्डरिंग करताना सोल्डरिंग आयर्नचे टोक आधी बोर्डवरील पॅड आणि भागाचा पाय या दोहोंना टेकवून ती तापवावीत आणि मग सोल्डर वायर सांध्याला लावावी. चांगला सांधा चकचकीत आणि उतरत्या कडांचा दिसतो, गोळ्यासारखा फुगीर नव्हे. आपल्याकडील पावसाळ्यात दमट हवा पेटीत शिरते, म्हणून तपासून झालेल्या बोर्डवर संरक्षक लॅकर द्यावे आणि केबल पेटीत खालच्या बाजूने ग्लँडमधून घ्यावी.

शेवटी नियंत्रक काही दिवस अखंड चालवावा, मुद्दाम पुरवठा तोडून पुन्हा जोडावा आणि दर वेळी थांबा ठरल्याप्रमाणे घेतला जातो का, ते वहीत लिहावे. मुलाखतीला जाताना पेटीबरोबर ती वहीही न्यावी. तीत चुकलेले मोजमाप खोडून काढलेले असेल, तर तेही तसेच ठेवावे.